सोलापूरच्या गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत) घेतलेली रंग बदलणारी अंगठी खरंच मूड ओळखते का? आणि ती आता काळी का पडतेय?

अंगठीला मूड कळत नाही. तिला फक्त गार-गरम कळतं, आणि आपल्या सोलापुरात मे महिन्यात तर तेही धड कळत नाही.

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत होम मैदानावर घेतली तेव्हा सकाळी काळी, दुपारी हिरवी दिसायची. उन्हाळ्यात ती दिवसभर गडद निळीच राहिली आणि आता कडेकडेने काळी पडत चाललीय. सोबतच्या कागदावर ‘निळा म्हणजे आनंदी, काळा म्हणजे तणाव’ असं छापलंय. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असल्या अंगठ्या घालून दर वर्षी कुणी ना कुणी वर्गात येतंच, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे.

खडा साधा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. करामत त्याच्या खालच्या पातळ थरात असते. त्या थरात द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल असतात. द्रवासारखे हलणारे, पण रेणूंची रचना मात्र स्फटिकासारखी शिस्तीतली. १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात हा प्रकार पहिल्यांदा दिसला. तो पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळच राहिला. नितळ व्हायला १७८.५ अंश लागले. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! मधल्या त्या गढूळ अवस्थेवर आज तुमची अंगठी चालते. फक्त वेगवेगळी संयुगं मिसळून ती अवस्था बोटाच्या तापमानापर्यंत खाली आणलेली असते.

आता रंग कुठून येतो? रंगद्रव्य नसतंच. चादरींचा एक ढीग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चादरीतले उभे धागे एका दिशेला, पण वरची प्रत्येक चादर खालच्यापेक्षा किंचित फिरवून ठेवलेली. असं फिरत फिरत एक पूर्ण वळसा होतो. रेणूंचे थर असेच रचलेले असतात, आणि त्या एका वळशाची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असते. उंची साधारण ३५० नॅनोमीटर असेल तर हिरवा प्रकाश परत फिरतो, ४३० च्या आसपास असेल तर लाल, ३१० असेल तर निळा. बाकीचा प्रकाश आरपार जातो आणि मागच्या काळ्या लेपात जिरतो. तो काळा लेप नसता तर रंग अगदी फिकट दिसले असते.

गंमत पुढे आहे. तापवलं की वस्तू पसरते असं आपण पोरांना शिकवतो. इथे उष्णता वाढली की रेणूंचा पीळ उलट घट्ट होतो, वळशाची उंची कमी होते आणि रंग लालकडून निळ्याकडे सरकतो. बघायचं असेल तर ताकाच्या गार ग्लासाला, बाहेरचं पाणी पुसून, खडा टेकवा. काळा होईल. मग बोटात घालून बघत बसा: काळ्यातून तपकिरी-लाल, पिवळसर, हिरवा, निळा, याच क्रमाने येईल. क्रम कधी उलटत नाही.

मूडचा संबंध अगदीच खोटा आहे असंही नाही. घाबरलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोचतं, बोट गार पडतं. तोंडी परीक्षेला उभ्या पोराचा हात धरून बघा. पण एसीत बसल्यावर, थंड पाण्यात भांडी घासल्यावर किंवा जानेवारीत सकाळी गाडी चालवल्यावरही बोट गारच पडतं. अंगठी यांत फरक करणार कसा? १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये या अंगठ्या बाजारात आल्या तेव्हापासून तो कागद सोबत येतोय, कारण ‘तुमचं बोट गार आहे’ असं सांगणारी अंगठी कोण विकत घेणार?

आणि सोलापूरचा उन्हाळा हे तर मोठंच प्रकरण. पारा ४२-४३ वर असताना बोट गार पडायचा प्रश्नच नाही, म्हणून खडा निळ्यावर जाऊन अडकतो. भर दुपारी सिग्नलला उन्हात तापलेला, हॉर्नवर हात ठेवलेला माणूस कागदानुसार ‘आनंदी’! त्याहून तापला की ती रचनाच मोडते, थर पारदर्शक होतो आणि मागचा काळा लेप दिसायला लागतो. म्हणजे काळा रंग गारठ्यातही येतो आणि रणरणत्या उन्हातही. सावलीत आणल्यावर रंग परतला, तर तो काळेपणा उन्हाचाच होता असं समजा.

तुमचं मात्र कडेकडेने सुरू झालंय, म्हणजे बहुधा पाणी. स्वस्त अंगठीत खड्याची कड नीट बंद केलेली नसते. हात धुताना, आंघोळीत ओल आत शिरते आणि द्रवस्फटिक बिघडतात. ते परत सुधारत नाहीत. वाळवून, उन्हात ठेवून काही उपयोग नाही. उन्हाने डिंक आणखी सुटेल. बोटावर हिरवट डाग पडत असेल तर तो या रसायनाचा नाही, तांब्या-पितळेवर घाम लागल्याचा आहे, साबणाने जातो. खाज येत असेल तर मात्र घालू नका, निकेलची ॲलर्जी असू शकते.

पुढच्या गड्ड्यात दुसरी घेणार असाल तर एक बघा. काही अंगठ्या फक्त दोनच रंग दाखवतात, जांभळ्याची गुलाबी आणि परत जांभळी. तो वेगळा माल, गरम चहा ओतला की चित्र उमटणाऱ्या कपावर असतो तसला रंग. त्यात रंगद्रव्य असतं आणि ठरावीक तापमानाला त्याचा रंग उडतो. सगळे रंग हवे असतील तर दुकानातच खडा मिनिटभर मुठीत धरा, मग मूठ उघडून रंग सरकताना दिसतात का ते बघा.