घरच्या मशीनला दोरा कोणता घ्यावा? आणि आईच्या डब्यातला दोरा का तुटतो?

ताई, ब्लाउज, पडदे नि जीन्स, तिन्हींना एकच दोरा चालेल का आणि आईच्या डब्यातला सुती दोरा मशीनवर सारखा का तुटतो, हे तुमचे दोन प्रश्न. दुसरा आधी घेतो.

सुती दोरा आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतो आणि बुरशी आली की आतून कुजतो. वरून रंग छान दिसला तरी हातभर तोडून दोन्ही मुठींत झटका देऊन बघा. चांगला दोरा बोटांना काचतो. कुजलेला जागोजागी सुटतो. तसली रिळे कच्च्या टाक्यांना ठेवा, मशीनला नको.

रोजच्या शिलाईला स्पन पॉलिएस्टर (आखूड तंतू कातून केलेला पॉलिएस्टर दोरा) ४०/२ घ्या. इथे ४० हा सुताचा नंबर आणि २ म्हणजे दोन पदर. नंबर वाढला की सूत बारीक होते. काही कंपन्या याऐवजी टिकट १२० छापतात. साधारण तीच जाडी, आणि तिथेही मोठा आकडा म्हणजे बारीक. टेक्स (दोऱ्याच्या जाडीचे दुसरे माप) लिहिले असेल तर मात्र उलट, मोठा आकडा म्हणजे जाड: टेक्स २७ ते ३० नेहमीच्या कामाचा, टेक्स ६० जाड. ब्लाउज, कुर्ते, उशीचे अभ्रे आणि पडदे सगळे या एका दोऱ्यात होतात. मऊ सुती कापडाला ११ नंबरची सुई, मध्यम कापडाला १४. जीन्सच्या आतल्या शिलाईलाही हाच दोरा चालतो. वरून दिसणाऱ्या टीपेलाच २०/२ लागतो. त्याला १६ची सुई आणि ३ ते ३.५ मिमी टाका. बारीक सुईत जाड दोरा भरला की नाक्यात घासून त्याचे पदर सुटतात, आणि दोष दोऱ्याला लागतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या की मडगावात, दुकानातच थोडा दोरा सोडवून काळ्या कापडावर धरून बघा. केस फार उभे असतील, मध्येच गाठी किंवा जाड-बारीक जागा दिसल्या तर ते रीळ परत. हा केसाळपणाच पुढे टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत आणि बॉबिन केसच्या पट्टीखाली भुसा होऊन बसतो, मग टाका कधी सैल, कधी घट्ट. हाताच्या भरतकामाचा सैल पिळाचा दोरा तर मशीनला लावूच नये.

दोऱ्याचा मोठा कोन, म्हणजे शंकूसारखे रीळ, स्वस्त पडतो, पण घरच्या मशीनच्या खिळ्यावर बसवू नका. वजनाने अडकत फिरतो आणि दोरा ताणून तुटतो. मशीनच्या मागे कोन उभा ठेवा, दोरा सरळ वर एखाद्या हुकातून काढून मग मशीनच्या पहिल्या कडीत घाला. लहान रिळावर दोरा आडवा-तिरपा गुंडाळलेला असेल तर तोही वरून सुटू द्या. एकावर एक समांतर असेल तर रीळ फिरू द्या.

बॉबिनमध्ये वरचाच दोरा भरा, तोही सावकाश. पॉलिएस्टर वेगात भरला तर ताणून बसतो आणि शिवल्यावर आखडतो. सॅटिनच्या शिवणीवर सुरकुत्या येतात त्या बऱ्याचदा यामुळेच. भरलेली बॉबिन केस दोऱ्याला लटकवा. हलका झटका दिल्यावर थोडी घसरून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर केसचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून कमीच घट्ट करा, आणि त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टाका पाहून मगच वरच्या टेन्शनला हात लावा.