वहीतले घर आणि सासूबाईंची न्हाणी

आसनगाव स्थानकापासून बारा किलोमीटर आत असलेल्या एका गावातून शेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासरच्या कौलारू घराची दुरुस्ती गेली अकरा वर्षे ‘यंदा करू’ म्हणत पुढे ढकलली जात आहे. रात्री निजानीज झाली, की त्या मोबाईलवर घोडबंदर रस्त्यावरच्या आणि ऐरोलीतल्या फ्लॅटची छायाचित्रे पाहत बसतात. एका वहीत त्यांनी स्वयंपाकघराचे आणि घराचे नऊ नकाशे काढले आहेत. दिवाळीत दीर-जाऊ आले असताना यजमानांनी ती वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि हशा पिकला. आता घरामागच्या अर्ध्या एकराला गिऱ्हाईक आले असून दलाल विसार घेऊन दारात उभा आहे. ‘मी असमाधानी आणि कृतघ्न आहे का, आणि ही जमीन विकून ठाण्यात घर घ्यावे का,’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

कृतघ्नपणाचा प्रश्न फार वेळ घेणारा नाही. दिवसभर अंगणवाडी, घर आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंची सेवा करून झोपण्यापूर्वी अर्धा तास कोणी दुसऱ्याच्या घरातल्या खिडक्या पाहत असेल, तर त्यात कोणाचे काही बुडत नाही. यजमानांनी वही सर्वांसमोर वाचली हे मात्र चुकलेच, आणि तसे त्यांना स्पष्ट शब्दांत, पण दोघेच असताना सांगा. मनातले मांडे खाण्याची सवय मलाही आहे. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्याचे पाणी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत झिरपते. ते कोणाच्या खर्चाने थांबवायचे यावर आमच्या सोसायटीत चार पावसाळे वाद चालू आहे, आणि त्या बैठकांहून परतल्यावर मी काय पाहत बसते म्हणाल, तर पडवी आणि झोपाळा असलेली कौलारू घरे.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात ‘सासऱ्यांचे घर’ हा शब्दप्रयोग पाच वेळा आला आहे आणि ‘आमचे घर’ एकदाही नाही. नकाशांचे जे वर्णन तुम्ही केले आहे, त्यात ओटा कधी पूर्वेला तर कधी उत्तरेला आहे, पण आतून कडी लागणारी एक लहान खोली प्रत्येक नकाशात आहे. फ्लॅटच्या छायाचित्रांतही तुम्ही बहुधा तीच खोली शोधत असता. सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षे झाली आणि दुरुस्तीही अकरा वर्षेच रखडली आहे, हा योगायोग मला वाटत नाही. घर अजून त्यांच्याच नावावर आहे, कल्याणचे दीर ‘करा की’ म्हणतात पण खर्चात उतरत नाहीत, आणि उद्या वाटणी झाली तर आपण घातलेला पैसा मातीत जाईल ही भीती यजमान बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे दर उन्हाळ्यात काहीतरी कारण निघते आणि उत्तरेचे पाखे, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, देवघरावर गळत राहते.

म्हणून फरशीचा रंग ठरवण्याआधी कागद पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, पण त्यावर नाव आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण ती कर आकारणीची नोंद आहे आणि तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिका कोणाच्या नावाने निघाली हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळेल. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे वारस नोंद झाली आहे का ते सातबारा आणि फेरफार पाहून समजेल. सासूबाई, यजमान, दीर आणि तुमच्या दोन्ही नणंदा या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि नणंदांची लग्ने झाली म्हणून तो संपत नाही. घर तुमच्याकडे ठेवायचे ठरले, तर इतरांचे हक्कसोडपत्र किंवा सर्वांच्या सह्यांचे वाटणीपत्र करून त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्या. हा विषय यजमानांनी आपल्या भावंडांपाशी काढला पाहिजे. तुम्ही काढलात तर ‘वहिनींना घाई झाली आहे’ एवढेच वाक्य कल्याणपर्यंत पोहोचेल.

आता जमिनीविषयी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला, आणि तेव्हापासून शहापूर तालुक्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर गुंठ्याखेरीज दुसरे बोलणे ऐकू येत नाही, असे आमच्याकडे कामाला येणाऱ्या तिकडच्या बाई सांगतात. दलालाची घाई त्याच्या व्यवहारातली आहे, ती तुम्ही अंगावर घेऊ नका. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, अर्थात २१,७८० चौरस फूट, आणि त्याच्या बदल्यात जो फ्लॅट तुम्ही पाहिला आहे त्याचे कार्पेट क्षेत्र, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, ४१० चौरस फूट. क्षेत्रफळाची अशी तुलना पूर्ण न्यायाची नाही, हे मला मान्य आहे, कारण ठाण्याच्या फुटाला ठाण्याचा दवाखाना आणि मुलाची ऐरोलीची नोकरी चिकटलेली असते. पण कुटुंबाकडे शेतजमीन एवढीच असेल तर ती विकल्यावर तुम्ही कायद्याने शेतकरी राहत नाही, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय पुन्हा शेतजमीन विकत घेता येत नाही. एवढा मोठा दरवाजा विसार पावतीवरच्या एका सहीने लावून घेऊ नका. शिवाय सर्व वारसांच्या संमतीशिवाय घेतलेला विसार हे पुढच्या भांडणाचे बीज ठरते.

घोडबंदरच्या फ्लॅटची हौस असेल तर तो एकदा डोळ्यांनी पाहून या, आणि शनिवारी सकाळी नव्हे, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा, म्हणजे त्या रस्त्यावरची रांगही पाहायला मिळेल. नमुना फ्लॅटमधले फर्निचर पाहू नका, खिडकीतून समोरची इमारत किती हातांवर आहे ते पाहा. रखवालदाराला उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारा. भातसा आणि तानसा धरणे तुमच्या तालुक्यात, त्यांचे पाणी जाते मुंबईला, आणि एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट पाहता तुम्ही; या अन्यायावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत आणि ती रास्त आहेत. पण चोवीस तास पाण्याच्या आशेने इकडे येणार असाल, तर घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सोसायट्याही उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेतात, हे आधी ठाऊक असू द्या. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात विक्री करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही, आणि प्रकल्पाची महारेराकडची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडची, नोंदणी कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. हे शेवटचे वाक्य तुम्ही वहीत लिहून ठेवणार, हे मला ठाऊक आहे, आणि लिहाच. दहा वर्षांनी मुलगा स्थिरावल्यावर त्याचा उपयोग होईल.

पोस्टात असलेले चार लाख कुठे खर्चावेत, हेही तुम्ही विचारले आहे; आता त्याकडे येऊ. मला तुमच्यावर एकाच ठिकाणी थोडा राग आला. गेल्या श्रावणात सासूबाई मागच्या न्हाणीत घसरल्या आणि तीन आठवडे झोपून होत्या, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, आणि नऊ नकाशांपैकी एकातही न्हाणी नाही. ओट्याला ग्रॅनाईट कोणते हे तुम्ही चार वेळा बदललेत. दहावा नकाशा न्हाणीचा काढा. गुळगुळीत शहाबादी काढून खरखरीत फरशी, दर फुटाला पाव इंच उतार, कमोड, उजव्या हाताशी भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी, आणि घरातून तिथवर पावसात न भिजता जाता येईल एवढी छपराची वाढ. याला स्वयंपाकघराएवढा खर्च येत नाही. वाटणीचा निकाल काहीही लागो, आईच्या न्हाणीत घातलेला पैसा दिरांनी कधी मोजला तर तो त्यांनाच शोभणार नाही.

दुसरे काम छपराचे. घर दर वर्षी शाकारले जाते, पण तेवढ्याने भागत नाही, कारण तुमच्या वर्णनावरून गळतीचे मूळ फुटक्या कौलांत नसून त्यांना खालून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांत, म्हणजे रिपांत दिसते. वाळवीने रीप खाल्ली, की कौलांची ओळ खाली बसते आणि चांगल्या मंगलोरी कौलांतूनही पाणी आत येते. वासे ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तो वासा बदलावा लागेल, आणि लाकूड ठणठणीत असेल तर नुसत्या रिपा बदलून काम होईल. स्लॅब टाकण्याचा जो सल्ला शेजारी देत आहेत, तो वाटणीपत्र होईपर्यंत ऐकू नका. मातीच्या भिंतींवर तसाही स्लॅब बसणार नाही आणि सगळे घर पाडावे लागेल.

ओटा मग दिवाळीनंतर करा. त्याची उंची जाहिरातीतून न घेता स्वतःच्या कोपरापासून चार ते सहा बोटे खाली धरा. कडीच्या खोलीसाठी नवे बांधकाम लागणारच नाही. माजघराला लागून भाताच्या कणग्यांची जी खोली आहे, ती तुम्ही पत्रात ‘अडगळ’ म्हणून एका शब्दात उडवली आहे. तिला पूर्वेची खिडकी आहे, असेही तुम्हीच लिहिले आहे. ती रिकामी करायला दोन दिवस आणि आतून कडी बसवायला एक तास पुरेल. पहिल्या दिवशी यजमानांना टेप धरायला बोलवा. वहीची थट्टा करणारा माणूस मापे घेताना बहुधा वाद घालू लागतो, आणि वाद घालू लागला म्हणजे तो त्या घरात शिरला असे समजा.

सुताराला मात्र याच आठवड्यात सांगून ठेवा. अक्षय्यतृतीया उलटली, की तालुक्यातला प्रत्येक सुतार कोणाच्या ना कोणाच्या आढ्यावर बसलेला असतो, आणि मृगाच्या तोंडावर उघडे पाखे घेऊन त्याची वाट पाहण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.