टेक्सासला येतोयस? मग ट्रकला हात सगळ्यात शेवटी लाव

तुझी मेल वाचली. जानेवारीत एच-१बी घेऊन सॅन अँटोनिओला येतोयस. कुडाळला थारवर हौस भागवलीस, आता इथे उतरल्या उतरल्या पिकअप घ्यायचा, सहा इंच उचलायचा, ३५ इंची टायर चढवायचे आणि हरीण-डुकराच्या शिकारीला लागायचं, असा तुझा बेत. वर, वडिलांची बारा बोर सोबत आणता येईल का, हाही प्रश्न. तू माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होतास म्हणून अरेतुरे करतोय आणि तोंडावर सांगतोय: तुझा क्रम उलटा आहे. आधी कागद, मग जमीन, मग बंदूक, आणि ट्रक सगळ्यात शेवटी. बारा वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखाच ट्रकपासून सुरू झालो होतो. ते पुढे येईलच.

वडिलांची बंदूक घरीच राहू दे. दोन देशांच्या परवानग्या गोळा करण्यात जेवढी दमछाक होईल, तेवढ्यात इथे साधी सेकंडहँड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल येते आणि हरणाला तीच बरी. पण तीही लगेच नाही. बंदुकीच्या बाबतीत इथे चूक झाली तर दंड भरून सुटका नसते, देश सोडायची वेळ येते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. विकत घेणं दूरच, मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात धरणंसुद्धा त्यात मोडतं. एच-१बी, विद्यार्थ्यांचा एफ-१, कुटुंबाचा एच-४, सगळे आले. याला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. त्यामुळे ऑफिसातला जुना मराठी माणूस तुला ‘काही लागत नाही रे’ असं छातीठोकपणे सांगेल. त्याचं ऐकू नकोस.

आता यातली खोच बघ. टेक्सासात १ सप्टेंबर २०१९पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला राज्याचा परवाना लागत नाही. बारा महिने मारा, दिवसा मारा, रात्री मारा, कितीही मारा. हे वाचून माझ्या ओळखीचा एक जण म्हणाला, मला डुकरंच मारायची आहेत, परवान्याचे पैसे कशाला घालू? अरे बाबा, डुकरासाठी न लागणारा तोच कागद तुला बंदूक हातात धरायला लागतो. राज्य एक सांगतं, केंद्र दुसरं, आणि आपला व्हिसा केंद्राच्या हातात. परवाना वर्षात कधीही काढलास तरी ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला नवा हातात नसेल तर कपाटातली बंदूक तुझ्यापुरती बेकायदा झाली. माझं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे, म्हणून मी फोनवर १५ ऑगस्टचा गजर लावून ठेवलाय. नवे परवाने त्याच सुमाराला मिळायला लागतात. झेंडावंदन आठवलं की परवाना आठवतो.

पैशाचं म्हणशील तर इथल्या रहिवाशाला हा परवाना २५ डॉलरला पडतो, बाहेरच्याला ३१५ला. रहिवासी म्हणजे टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेला. जानेवारीत आलास तर ऑगस्टात तू रहिवासी. म्हणजे पहिले सहा महिने गप्प बस आणि शिकारीचं प्रशिक्षण उरकून घे. २ सप्टेंबर १९७१ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचं आहे आणि घरबसल्या ऑनलाइन होतं. आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की कर: सीमेवरच्या लारेडोहून मेक्सिकोला फिरायला जाशील तेव्हा सीटखाली विसरलेलं एक काडतूससुद्धा गाडीत नको. तिकडे तो गंभीर गुन्हा आहे.

जमीन हा खरा कठीण भाग. अख्ख्या टेक्सासातली ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. आपल्याकडे डोंगर म्हणजे सगळ्यांचा, तसं इथे नाही. कुंपण ओलांडलंस की गुन्हा. लोक वर्षाच्या कराराने शिकारीचे हक्क भाड्याने घेतात, त्याला लीज म्हणतात, आणि चांगल्या लीजचा आकडा ऐकून तुझी थार तुला स्वस्त वाटेल. ४८ डॉलरचा वार्षिक परवाना काढून सरकारच्या ताब्यातल्या साधारण दहा लाख एकरांवर जाता येतं, पण तिथे प्रत्येक पट्ट्याचे नियम निराळे आणि गर्दीही. मला जमीन मिळाली ती कुंपण दुरुस्त करून. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांची रँच आहे. शनिवारी तार ओढायला माणूस हवा होता, मी गेलो. डुकरांनी त्यांचं ओटचं शेत एका रात्रीत असं उकरलं होतं की नांगर फिरल्यासारखं दिसत होतं. आमच्या आजोबांनी नाचणीच्या राखणीला माळ्यावर रात्री काढल्या, त्यांच्या तोंडच्या शिव्या मला इंग्रजीत ऐकायला मिळाल्या. फरक एवढाच की गावी डुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी, आणि इथे रँचवाला म्हातारा मला म्हणतो, एकही सोडू नकोस.

ही डुकरं मूळची इथली नव्हेतच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, मग १९३०च्या दशकात हौशी शिकाऱ्यांनी युरोपातली रानडुकरं सोडली आणि दोन्हींची सरमिसळ झाली. मादी गाभण राहिल्यापासून चार महिन्यांच्या आत वितेसुद्धा. त्यामुळे कितीही मारली तरी संपत नाहीत.

हरणांचं तसं नाही, तिथे शिस्त आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार काढायचा. रात्री दिवा मारून हरीण पाडलंस तर गेलास. कितीतरी काउंट्यांत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) दोन्ही शिंगांना फांद्या फुटलेल्या नराच्या शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच भरावं लागतं. कान टवकारून उभ्या असलेल्या हरणाच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तेवढंच भरतं, शिंगं त्याच्या बाहेर दिसली तर ठीक. जनावर पडल्यावर तिथल्या तिथे परवान्याचा टॅग तारीख कापून बांधायचा, गाडीत टाकल्यावर नाही. मक्याचा फीडर, म्हणजे दाणे टाकणारं यंत्र, लावून मचाणावर बसणं इथे कायदेशीर आहे. सुरुवातीला मला ती फसवणूक वाटायची. अजूनही थोडी वाटते.

तुला ठाऊक नसेल अशी एक गोष्ट: हिल कंट्रीत, म्हणजे टेक्सासच्या मधल्या टेकड्यांच्या भागात, चितळ आहेत. आपलेच, ठिपक्यांचे. १९३२मध्ये आणून सोडले आणि फोफावले. काळवीटही आहेत, दक्षिणेकडे नीलगायसुद्धा. परदेशी जनावर म्हणून त्यांना हंगाम नाही, मर्यादा नाही, फक्त परवाना आणि जमीनमालकाचा होकार हवा. पहिल्यांदा ओकच्या झाडाखाली चितळाची ओरड ऐकली तेव्हा आपण पेंचमध्ये बसलोय असं वाटून मी रायफल खालीच ठेवली होती.

आता ट्रक. टोयोटाची हायलक्स शोधू नकोस, इथे विकत नाहीत. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात लावली, उलट अमेरिकेने १९६४मध्ये परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के लावली. कोंबड्या लोक विसरले, जकात तशीच. त्यामुळे टोयोटा घ्यायची तर टकोमा नाहीतर टुंड्रा, किंवा सरळ फोर्डचा एफ-१५०. फोर-बाय-फोर, लो रेंजसकट (चढाला-चिखलाला लागणारा हळू पण जोरकस गिअर) आणि मागचा डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) कंपनीनेच दिलेला असा सेकंडहँड बघ.

मी आल्यावर टकोमा घेतला आणि चौथ्या महिन्यात सहा इंचांची लिफ्ट, ३५चे टायर, स्टीलचं बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढायची तारेची चरखी), सगळं एका दमात केलं. फोटो झकास आले. रँच सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला, तिथली माती म्हणजे आपल्या घाटावरच्या काळ्या मातीची सख्खी बहीण. उन्हात भेगाळते, पावसात लोण्यासारखी होते. टायरच्या खाचांत ती भरली की केवढाही टायर गुळगुळीत होतो. मी चाकाच्या मध्यापर्यंत रुतलो. विंच होती, पण बांधायला झाड? मेस्किटची काटेरी झुडपं मुळासकट हातात आली. म्हाताऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं आणि एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं. लिफ्ट बसवणाऱ्याने चाकांची अलाइनमेंट धड केली नव्हती, आठ महिन्यांत पुढचे टायर आतून खाल्ले गेले. मूळच्या लहान टायरांच्या जागी ३५ घातल्याने काटा ताशी ६० मैल दाखवायचा तेव्हा गाडी त्याहून जास्त वेगात असायची. आणि सगळ्यात मोठी चूक कळली पहिलं मोठं डुक्कर पडलं तेव्हा. नव्वद किलोचा धूड, आणि ट्रकचा मागचा फाळका माझ्या छातीला! दोघांनी अर्धा तास झटापट केली. शेवटी ते म्हाताऱ्याच्या न उचललेल्या जुन्या ट्रकमधून आलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. मधल्या आकाराच्या ट्रकचं ते ५०० किलोच्या आसपास. आता गणित कर: चार गडी ३२० किलो, बंपर-विंच ९०, फीडरसाठी ५० पौंडी मक्याची दहा पोती म्हणजे २२७. एकूण ६३७. एकही डुक्कर न मारता ट्रक ओव्हरलोड. हौसेचं लोखंड आपल्याच सामानातून वजा होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं ऐकशील तर पहिला हंगाम ट्रक आहे तसा चालव. फक्त टायर बदल: मूळ मापाच्या जवळचे, जाड भिंतींचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांना चालणारे), कारण मेस्किटचे काटे साध्या टायरमधून सुईसारखे जातात. पूर्ण मापाची स्टेपनी, पंक्चर किट, बारा व्होल्टचा हवेचा पंप, पुढेमागे भक्कम हूक आणि ओढायचा पट्टा. पोटाखाली स्किड प्लेट, दगड-खुंटांपासून बचावाचा पत्रा. मागच्या हिचला (ट्रेलर जोडायच्या खोबणीला) बसणारी लोखंडी जाळी घे, जनावर गुडघ्याच्या उंचीवर चढवता येतं. विंच आणि दोन इंचांची लिफ्ट दुसऱ्या वर्षी, तेव्हाही वाटलं तर. १ जानेवारी २०२५पासून इथे खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, पण काही काउंट्यांत धुराची चाचणी आहे, म्हणून सायलेन्सरशी खेळ नको. जे बदलशील ते विमा कंपनीला कळव. छतावरचे दिवे डांबरी रस्त्यावर बंदच ठेव.

मांसाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण नोव्हेंबरातही इथे दुपारी अंगातून घाम निघतो. कूलरभर बर्फ नसेल तर बार काढूच नकोस. डुकराला हातमोजे घातल्याशिवाय चिरायचं नाही, ब्रुसेलोसिस (जनावराकडून माणसाला येणारा ताप) होऊ शकतो. शिजवताना आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस गाठलं पाहिजे. मी कुकरच्या सहा शिट्ट्या देतो आणि मग मालवणी मसाल्यात सुकं करतो, म्हातारा हल्ली भाकरी मागतो.

मार्चमध्ये फीडरचे खांब बदलायचे आहेत, दोन दिवसांचं काम आहे. ये. बंदूक लागणार नाही, गुडघ्यापर्यंतचे जाड बूट मात्र लागतील, त्या सुमाराला रॅटलस्नेक बाहेर पडतात. गाडी माझीच नेऊ.