कोळशाच्या पिंपाचा हिशेब

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो. आम्ही दोघे आणि दोन मुले. ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. महिन्यातून दोनदा आम्ही बार्बेक्यू खायला बाहेर जातो आणि दर वेळी सुमारे 130 डॉलर खर्च होतात. त्याऐवजी पिंपाच्या आकाराचा कोळशाचा स्मोकर (धुरावर मांस शिजवण्याची शेगडी) घ्यावा असे मनात आहे. स्मोकर 400 डॉलरचा, सोबतच्या वस्तू 470 डॉलरच्या. करासह 942 डॉलर. दुकानाच्या कार्डावर बारा महिने व्याज नाही. चार महिन्यांत पैसे वसूल होतील, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का?"

आपल्या हिशेबातली बेरीज चुकलेली नाही. 870 डॉलरवर सव्वाआठ टक्के विक्रीकर धरला तर 942 डॉलरच होतात. चूक आहे ती गृहीतकात. महिन्याला 260 डॉलर वाचतील असे आपण धरले आहे, म्हणजे घरचे जेवण फुकट आणि बाहेर जाणे पूर्ण बंद, आणि या दोन्ही गोष्टी होणार नाहीत. सहा माणसांसाठी कोंबडी किंवा बकऱ्याचे मटण, एका वेळचे आठ-दहा पाउंड कोळशाचे ब्रिकेट (दाबून केलेल्या वड्या), मका, कोशिंबीर आणि पाव धरले, तर घरचा खर्च 55 डॉलरच्या आत बसवणे कठीण दिसते. टेक्सासमधील बार्बेक्यूची दुकाने मांस शिजवल्यानंतरच्या वजनावर विकतात, तर आपण कच्च्या वजनावर विकत घेणार आहात. मोठा तुकडा तासन्‌तास धुरावर शिजला की त्यातले पाणी आणि चरबी जाऊन वजन निम्म्याच्या जवळपास येऊ शकते, त्यामुळे पाउंडामागचे दोन भाव शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते. म्हणून एका वेळेची खरी बचत मी 75 डॉलर धरतो. दोनपैकी एकच फेरी घरच्या जेवणाने टळेल असे मानले, तर 942 डॉलर वसूल व्हायला तेरा महिने लागतील.

तेही प्रत्येक वेळचा स्वयंपाक बाहेरच्या जेवणाच्या जागी झाला तरच. अनुभव असा आहे की अंगणात असे काही आले की शनिवारी चार कुटुंबे जेवायला येतात. ते आनंदाचे असते, पण त्याला बचत म्हणता येत नाही. शिवाय आई-बाबांचे सोमवार, शनिवार आणि चतुर्थी आपण धरलेल्या नाहीत, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात टेक्सासमध्ये कोळशाजवळ उभे राहण्याचा उत्साह किती जणांना असतो हे आपणच जाणता. (शाकाहारी दिवशी पिंप अगदीच रिकामे राहील असे नाही, कोळशावर भाजलेल्या वांग्याच्या भरिताची चव गॅसवर येत नाही. पण भरितासाठी कोणी 942 डॉलर खर्च करत नाही.)

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आपल्याकडे तीन वर्षांपासून झाकणाची गोल केटल ग्रिल आहे आणि गेल्या वर्षभरात ती पाच वेळा पेटली. यावर आपले म्हणणे असे की केटलजवळ सतत उभे राहून हवेची झडप आणि कोळसा सांभाळावा लागतो, पिंपाला ते लागत नाही. यात तथ्य आहे. पिंपात कोळशाची टोपली तळाशी असते, मांस वरच्या दोन सळ्यांना आकड्यांनी उभे टांगलेले असते, त्यातून ठिबकणारी चरबी थेट निखाऱ्यावर पडते आणि तिचाच धूर वर चढतो. आपल्या तंदूरशी त्याचे नाते उघड आहे. खालची झडप एकदा बसवली की बहुतेक वेळा 270 ते 310 अंश फॅरनहाइटच्या आसपास उष्णता टिकते आणि कोंबडी दोन तासांच्या आत-बाहेर तयार होते. आडव्या स्मोकरमध्ये दर तासाला लाकूड घालत बसावे लागते, त्या मानाने लहान मुलांच्या घरी हे नक्कीच सोयीचे आहे. तरीही केटल पाचच वेळा का पेटली, याचे उत्तर "कष्ट" हेच आहे की "वेळ मिळत नाही" हे आहे, ते आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. वेळच मिळत नसेल, तर तो प्रश्न पिंप घेतल्याने सुटणार नाही.

ते पाहण्याचा मार्ग स्वस्त आहे. सध्या फक्त दोन वस्तू घ्याव्यात: कोळसा पेटवण्याची चिमणी (25 डॉलर) आणि लगेच आकडा दाखवणारा थर्मामीटर (35 डॉलर). या दोन्ही केटललाही लागतात आणि पुढे पिंपालाही. कोळसा एका बाजूला सारून, मांस दुसऱ्या बाजूला ठेवून, झाकण लावून सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये चार रविवार स्वयंपाक करावा. चारही झाले, तर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सवलतीत पिंप घ्यायला माझी हरकत नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येते, म्हणजे आई-बाबांच्या मुक्कामाचे निम्म्याहून अधिक महिने तेव्हाही हातात असतील. दोनच झाले, तर करासह आपले सुमारे 877 डॉलर वाचले असे समजावे.

आता सोबतच्या वस्तूंच्या यादीकडे वळतो, कारण खरी उधळपट्टी तिथे आहे आणि 400 डॉलरच्या वस्तूसाठी 470 डॉलरची सामग्री मला पटत नाही. पिट बॅरल कुकर या नावाने विकल्या जाणाऱ्या साडेअठरा इंची पिंपासोबत आठ आकडे, दोन सळ्या, जाळी आणि कोळशाची टोपली येतेच. मग सहा माणसांच्या घरात 50 डॉलरचे जादा आकडे आणि शिगा कशासाठी? 50 डॉलरची बिजागरीची दुसरी जाळी, वर्षातून एकदा लागणारा 30 डॉलरचा टर्कीचा टांगणा, 30 डॉलरचे राखेचे तबक (तळाशी जाड ॲल्युमिनियमचा कागद घातला की काम भागते), फोनवर चार ठिकाणचे तापमान दाखवणारा 110 डॉलरचा बिनतारी थर्मामीटर आणि 50 डॉलरचा मसाल्यांचा संच, हे सर्व वगळावे. साताऱ्याहून आई येत असताना मसाल्याचा संच विकत घेणे हे तर मला समजलेच नाही.

चिमणी आणि साधा थर्मामीटर यांच्याखेरीज 30 डॉलरचे उष्णतारोधक हातमोजे आणि 60 डॉलरचे आच्छादन ठेवावे. पत्रा उघड्यावर गंजला तर विकताना किंमत येत नाही. साध्या थर्मामीटरवर मात्र काटकसर करू नये. कोंबडी आतून 165 अंश फॅरनहाइटला पोहोचली की नाही हे रंगावरून ओळखता येत नाही, आणि धुरावरच्या मांसाचा रंग तर हमखास दिशाभूल करतो. अशी छाटणी केल्यावर पिंप धरून 550 डॉलर आणि कर मिळून सुमारे 595 डॉलर होतात, आणि तेरा महिन्यांची वसुली आठ महिन्यांवर येते.

दुकानाच्या कार्डाविषयी स्पष्ट लिहितो. "बारा महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही" आणि "बारा महिने शून्य टक्के व्याज" ही दोन वेगळी आश्वासने आहेत. पहिल्या प्रकारात व्याज पहिल्या दिवसापासून आतल्या आत मोजले जात असते आणि मुदतीअखेर थोडीही रक्कम शिल्लक राहिली, तर ते सगळे एकदम आकारले जाते. समजा कार्डाचा दर 28 टक्के आहे आणि आपण दरमहा 70 डॉलर भरलेत. वर्षाअखेर 102 डॉलर उरतील आणि त्यावर वर्षभराचे साचलेले साधारण दीडशे डॉलरचे व्याज चढेल. किमान हप्ता भरत राहिल्याने मुदतीत फेड होतेच असे नाही, हे बऱ्याच जणांच्या तेव्हाच लक्षात येते. आपल्याकडे कर्ज नाही आणि तीन महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, तेव्हा सप्टेंबरपासून दरमहा दोनशे डॉलर बाजूला काढून नोव्हेंबरअखेर रोख घेणे सहज जमेल. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा मात्र त्याआधी काढावा. आपण एच-1बी या नोकरीशी जोडलेल्या व्हिसावर आहात आणि नोकरी गेल्यास देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवसांची मुभा असते, म्हणून तीन महिन्यांची शिल्लक सहापर्यंत नेणे मी पिंपाच्या वरच्या क्रमांकावर ठेवतो. विमा आणि ही शिल्लक यांना हात लावून पिंप येणार असेल, तर ते पुढच्या वर्षावर ढकलावे.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही आणि ती मात्र आधी निकाली काढायला हवी. टेक्सासमधील अनेक शहरांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोड या अग्निसुरक्षा नियमावलीनुसार ज्वलनशील बाल्कनीत किंवा ज्वलनशील बांधकामापासून दहा फुटांच्या आत कोळशाची शेगडी वापरता येत नाही. एक किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना यातून सूट आहे. आपले घर ओळीतले, मागे लाकडी डेक आणि करार मे महिन्यात संपणारा. त्यानंतर अपार्टमेंटमध्ये जावे लागले, तर पिंप मित्राच्या गॅरेजमध्ये पडून राहील. म्हणून याच आठवड्यात घरमालकाला ईमेल लिहून परवानगी लेखी घ्यावी आणि शहराच्या फायर मार्शलच्या (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या) कार्यालयात आपल्या प्रकारच्या घराविषयी विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर चिमणीही घेऊ नये, कारण तोच नियम आपल्या केटललाही लागू होतो.