वाचकांचे प्रश्न : सायकलची शॉर्ट लवकर का विरते?

गेल्या अंकात सायकलवरील कपड्यांविषयी थोडे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बरीचशी एकाच तक्रारीची आहेत, ती म्हणजे सायकलची शॉर्ट टिकत नाही. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो आणि दीड वर्षापासून आठवड्यातील पाच दिवस पवईच्या कार्यालयात सायकलने जातो. जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटर होतात. महिन्यातून दोन रविवारी सायन, दादरमार्गे मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत येतो. एवढ्या काळात माझ्या तीन शॉर्ट्स बाद झाल्या. पहिली स्वस्तातली होती, पुढच्या दोन तिच्या तिप्पट किमतीच्या होत्या, पण प्रत्येक जेमतेम सहा महिने टिकली. मांडीच्या आतल्या बाजूला कापड विरते, तेही उजवीकडे आधी. शिवाय कंबरेशी आणि पायांशी कापड सैल पडून त्याला चुण्या पडतात. घामाचा वास जावा म्हणून शॉर्ट गरम पाण्यात थोडे ब्लीच घालून भिजवतो. दुकानदार आणखी महाग शॉर्ट घ्यायला सांगतो. काय करावे?

उत्तर : आणखी महाग शॉर्ट घेऊ नका. किंमत तिप्पट झाली तरी आयुष्य तेवढेच राहिले, याचा अर्थ दोष कापडाच्या दर्जात नसून दुसरीकडे आहे.

प्रथम आपला हिशेब पाहू. सहा महिन्यांत कार्यालयाच्या फेऱ्यांचे सुमारे २,६०० किलोमीटर आणि रविवारचे आणखी ८०० धरले, तर एकट्या शॉर्टवर ३,४०० किलोमीटर होतात आणि ती १४० पेक्षा अधिक वेळा धुतली जाते. आठवड्यातून एकदाच सायकल काढणाऱ्या माणसाला एवढे अंतर कापायला दोन वर्षे लागतील, आणि त्याची शॉर्ट दोन वर्षे टिकली तर तो तिचे कौतुकच करील. शॉर्टचे वय महिन्यांत न मोजता किलोमीटरमध्ये आणि धुण्यांमध्ये मोजले पाहिजे. या मापाने आपल्या शॉर्ट्स आपल्याला वाटते तितक्या अल्पायुषी नाहीत. तरीही त्या अधिक टिकायला हव्या होत्या, असे माझे मत आहे.

आपल्या पत्रात दोन निराळ्या तक्रारी आहेत. मांडीच्या आत कापड विरणे ही घासण्याने होणारी झीज आहे. कंबरेशी आणि पायांशी कापड सैल पडणे ही मात्र त्यातील लवचीक धाग्याची झीज आहे, आणि तिचा सायकल चालवण्याशी फारसा संबंध नसून कपडे धुण्याशी आहे.

दुसरी तक्रार आधी घेतो, कारण तिचा उपाय आजच करता येईल. सायकलच्या शॉर्टचे कापड बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते आणि त्यात साधारणपणे पंधरा ते वीस टक्के इलास्टेन विणलेले असते. या इलास्टेनला आपण लायक्रा या व्यापारी नावाने ओळखतो. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली हा धागा तयार केला. (त्याआधीचे सायकलस्वार लोकरी शॉर्ट वापरत आणि बैठकीच्या जागी मऊ चामड्याचा तुकडा शिवून घेत. आज तेथे फोमचे पॅड असते, तरी त्याला शॅमी म्हणण्याची पद्धत त्या चामड्यापासूनच आली आहे.) हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी पुन्हा पूर्ववत होतो, पण क्लोरीन, उष्णता आणि कडक ऊन यांच्यापुढे तो फार काळ तग धरत नाही. आपण भिजवण्याच्या बादलीत यांपैकी दोन गोष्टी नेमाने घालत आहात. काही जण नळाच्या पाण्याला दोष देतात, परंतु पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते, आणि एवढ्याने शॉर्टचे काही बिघडत नाही. ब्लीचचे एक झाकण बादलीभर पाण्यात टाकले, तर हेच प्रमाण शेकडो पटींनी वाढते. माझी स्वतःची पहिली चांगली शॉर्ट मी अशाच बादलीत घालवली होती, आणि कितीतरी दिवस मी कापडाला दोष देत राहिलो.

वासाचे मूळ कारण असे की घामाने भिजलेली शॉर्ट आपण तासन् तास बॅगेत कोंबून ठेवतो आणि त्या दमट अंधारात जिवाणू वाढतात. कार्यालयात पोहोचल्यावर शॉर्ट बदलत असाल, तर तेथेच नळाखाली साध्या पाण्याने दोनदा खळबळून हवेशीर जागी टांगा. कार्यालयात हे अवघडल्यासारखे वाटते हे मला ठाऊक आहे, पण तेवढे केले तर ब्लीचची गरजच उरत नाही. घरी आल्यावर उलटी करून, म्हणजे पॅड बाहेर काढून, साध्या पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. रेशमी कपड्यांसाठी घरात रिठे असतील तर तेही चालतात, फक्त काचू नये म्हणून मांडीला लावलेल्या क्रीमचा तेलकटपणा त्यांनी पूर्ण निघत नाही. कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव मात्र टाळा, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून कापड घाम शोषून बाहेर टाकेनासे होते. कपडे धुणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा की ही शॉर्ट ब्रशने घासायची नाही, आपटायची नाही आणि पिळायची नाही. त्यांना कुणी सांगितलेलेच नसते, आणि मग चादरीला लागतो तोच ब्रश शॉर्टला लागतो. यंत्रात धुवायची झाली तर जाळीच्या पिशवीत घाला आणि वेल्क्रोचे हातमोजे त्याच फेरीत टाकू नका, कारण वेल्क्रोचे आकडे कापडाचे धागे ओढून काढतात.

आता मांडीच्या झिजेकडे वळू. मिनिटाला सत्तर वेळा पेडल फिरते असे धरले, तर तासाभरात एक मांडी सीटच्या कडेवरून सुमारे ४,००० वेळा जाते. अशा ठिकाणी कडा थोडी जरी खरखरीत असली, तरी ती कापडावर कानशीसारखी चालते. सीट खरखरीत आहे की नाही हे बोटाला नेहमी कळत नाही. त्यासाठी घरातील जुना नायलॉनचा मोजा किंवा जुनी शिफॉनची ओढणी घेऊन ती सीटच्या दोन्ही कडांवरून आणि खालच्या शिवणीवरून सावकाश ओढा. ती जेथे अडकेल तेथे रेक्झिनला तडा गेला आहे, शिवणीचा दोरा वर आला आहे किंवा सायकल पडून प्लॅस्टिकची कड ओरखडली आहे, असे समजावे. आपले कापड उजवीकडे आधी विरते, म्हणून उजवी कड विशेष नीट पाहा. सीटखाली पिशवी बांधत असाल तर तिचा वेल्क्रोचा पट्टा उजव्या बाजूने वर डोकावतो का, तेही पाहा. माझा पहिला संशय त्याच्यावर आहे.

हे सर्व ठीक असेल तर सीटची उंची तपासा. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. सीट उंच असेल तर दर फेरीला कंबर डोलते, माणूस नकळत एका बाजूला सरकून बसतो आणि त्याच बाजूचे कापड आधी जाते. सीटचे टोक चाकाच्या रेषेत आहे का, हेही एकदा मागून उभे राहून पाहा.

मुंबईची म्हणून आणखी एक गोष्ट आहे, ती धूळ आणि चिखल. एल. बी. एस. मार्गासारख्या रस्त्यावर मडगार्ड नसेल, तर पावसाळ्यात मागचे चाक बारीक रेती थेट बैठकीवर उडवते. ही रेती शॉर्ट आणि सीट यांच्यामध्ये अडकली की पॉलिशपेपरचे काम करते. मागचे मडगार्ड लावा आणि निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने सीट पुसा. शॉर्ट महाग घेण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

पुढच्या वेळी एकदम दोन साध्या, पण नायलॉन अधिक असलेल्या शॉर्ट्स घ्या. घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा नायलॉन अधिक तोंड देते. आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीला पुरते सुकायला आणि ताणलेल्या धाग्याला पूर्ववत व्हायला दिवसभराची उसंत मिळते. माप अचूक असावे. सैल शॉर्टला मांडीत घडी पडते आणि नेमकी ती घडीच घासली जाते.

प्रश्न : मी दादरला राहते. पावसाळ्यात शॉर्टचे पॅड दोन-दोन दिवस सुकत नाही आणि कुबट वास येतो. इस्त्री फिरवली किंवा यंत्रातील ड्रायरमध्ये सुकवली तर चालेल का?

उत्तर : दोन्ही करू नका. उष्णतेने लवचीक धागा मरतो आणि पॅडचा फोम कडक होतो किंवा त्यावरचे कापड सुटते. जुलैच्या दमट हवेत पॅड आपोआप सुकत नाही, त्यामुळे दांडीवर टाकण्याआधीच त्यातील पाणी काढले पाहिजे. जाड, कोरडा पंचा पसरा, त्यावर उलटी केलेली शॉर्ट ठेवा, पंच्यासकट तिची घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघ्याने दाब द्या. न पिळता बहुतेक पाणी पंच्यात उतरते. त्यानंतर पॅड बाहेर ठेवून, कंबरेकडून चिमटे लावून, पंख्याखाली रात्रभर टांगा. खांद्यांवरून पट्टे असलेली बिब असेल तर ती पट्ट्यांवर टांगू नका, कारण ओल्या पॅडच्या वजनाने पट्टे लांबतात.

पाऊस उघडल्यावर गॅलरीतील दुपारच्या उन्हात दिवसभर ठेवण्याचा मोह होतो. पॅडला सकाळचे कोवळे ऊन तासभर पुरे आहे, त्यापुढे सावली बरी.

प्रश्न : बोरिवलीच्या एका दुकानातून घेतलेल्या शॉर्टची मधली शिवण तीन आठवड्यांत उसवली. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले आहे, म्हणून दुकानदार ऐकत नाही. ती दुरुस्त करावी की भांडावे?

उत्तर : तीन आठवड्यांत कापड न विरता केवळ शिवण उसवली असेल तर हा माल सदोष आहे, आणि आपली बाजू भक्कम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्यासाठी बिलावर छापलेली मुदत पाहतात आणि ती नसेल तर तीस दिवस धरतात. माल परत न घेण्याच्या त्या ओळीने सदोष मालाबाबतची ही जबाबदारी टळत नाही. आपले तीस दिवस अजून पूर्ण झालेले नसतील तर आजच बिल, उसवलेल्या शिवणीचे छायाचित्र आणि लेखी तक्रार दुकानदाराला द्या आणि पोच घ्या. त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बहुतेक वेळा लेखी तक्रारीनंतर गोष्ट मिटते. वाद मिटेपर्यंत मात्र ती शिवू नका, कारण दुरुस्त केलेल्या मालातील मूळ दोष दाखवणे कठीण होते.

पुढे कधी दुरुस्ती करावी लागलीच, तर आल्टरेशन करणाऱ्या कारागिराला सरळ टीप घालू देऊ नका. कापड ताणले की सरळ टीप तटकन तुटते. नागमोडी टीप किंवा ओव्हरलॉक, गोल टोकाची सुई आणि ताणला जाणारा दोरा यांचा आग्रह धरा.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा असून विलेपार्ल्याहून रोज सकाळी जुहूपर्यंत सायकल चालवतो. मी शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालतो आणि मांडीला खोबरेल तेल लावतो. तरीही जांघेत काचते. शॉर्ट चार वर्षांची आहे. ती बदलावी का?

उत्तर : अंतर्वस्त्र आजपासून घालू नका. पॅडची शॉर्ट थेट अंगावर घालण्यासाठीच बनवलेली असते. आतील सुती कापड घाम धरून ठेवते आणि त्याच्या जाड शिवणी एकीकडे आपल्याला काचतात, तर दुसरीकडे पॅडवरचे कापड घासून टाकतात. हे सांगताना अनेकांना संकोच वाटतो आणि त्यामुळे वर्षानुवर्षे माणसे विनाकारण त्रास सोसतात. खोबरेल तेलाऐवजी पाण्याने धुऊन निघणारे क्रीम वापरा, कारण तेल पॅडमध्ये मुरते, साध्या धुण्याने निघत नाही आणि त्यावर मळ धरतो.

शॉर्ट बदलायची की नाही हे तिचे वय पाहून ठरवू नका. बैठकीचे कापड दोन्ही हातांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार येऊन पलीकडच्या हाताची बोटे दिसू लागली, तर रस्त्यावर मागून येणाऱ्यालाही तेवढेच दिसते. मग पॅडवर जेथे बसण्याची हाडे टेकतात तेथे अंगठ्याने दाबून सोडा. खळगा भरून आला नाही, तर फोम बसला आहे आणि क्रीम लावूनही काचणे थांबणार नाही. यांपैकी एकही लक्षण दिसले तर नवी घ्या. फक्त कापडच विरले असेल आणि पॅड शाबूत असेल, तर ती शॉर्ट सैल ट्रॅकपँटच्या आत घालून जुहूपर्यंतच्या फेरीला आणखी एक हिवाळा खुशाल वापरा.