अडचणीतल्या साखर कारखान्यांना सरकारने थकहमी देण्याला विरोध का होतो?

थकहमी म्हणजे कारखान्याने कर्ज बुडवलं तर ते तिजोरीतून फेडायची सरकारची लेखी हमी. त्यामुळे ज्याच्या ताळेबंदाकडे बघून बँकेने एरवी फाईल परत पाठवली असती, त्यालाही कर्ज मिळतं. विरोधाचं मूळ तिथेच आहे.

आता हिशोब बघा. 2025-26 हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा कायदेशीर किमान भाव, टनाला 3550 रुपये. एका टनातून साखर निघते 102.5 किलो. म्हणजे किलोमागे नुसत्या उसाचेच 34.63 रुपये झाले, तर 2019 साली ठरलेला साखरेचा किमान विक्रीदर 31 रुपये. बाजारभाव वर असला तरच, किंवा डिस्टिलरी आणि सहवीजनिर्मिती असेल तरच मेळ बसतो.

त्यात 80 कोटींचं कर्ज 10 टक्क्यांनी घेतलं, तर व्याज वर्षाला 8 कोटी. गाळप 4 लाख टन झालं तर टनामागे 200 रुपये, 2 लाख टनच झालं तर 400. ऊस कमी पडणाऱ्या कारखान्याला नवं कर्ज आणखी खोल नेतं, कारण बहुतेक पैसा जुनी देणी आणि व्याजातच जिरतो. संचालक मंडळ मात्र तेच राहतं, हे मला सर्वांत चुकीचं वाटतं.

"शेतकऱ्यासाठी" म्हणून हमी दिली जाते, पण 14 दिवसांत एफआरपी आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज हा त्याचा कायदेशीर हक्क आहेच. पैसा द्यायचाच तर थकीत बिलापोटी थेट उत्पादकाच्या खात्यात द्यावा.

सभासद असाल तर वार्षिक सभेत कर्जाचा विनियोग लेखी मागा.