चेन टकटक करायला लागली की थांबा

प्रश्न : मुलुंडहून विक्रोळीला ऑफिसला गिअरच्या सायकलने जातो. परवा पावसात एलबीएस रोडवर भांडुपच्या पुढे चेन टकटक करत उड्या मारायला लागली, मी तसंच रेटलं आणि सिग्नल सुटल्यावर उभं राहून पॅडल मारलं तर तुटलीच. पंक्चरवाल्याकडे गिअरच्या चेनचं टूल नव्हतं. अशा वेळी रस्त्यात काय करायचं?

उत्तर : चेन सहसा आधी सांगून तुटते आणि ती टकटक म्हणजे तेच सांगणं होतं, त्यामुळे पुढच्या वेळी पहिल्या उडीलाच सायकल फुटपाथवर घ्या. मागचं चाक उचलून धरा, पॅडल उलटं अगदी हळू फिरवा आणि डिरेलरच्या (मागे लटकणारा, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दोन छोट्या चाकांकडे बघत रहा. जी कडी आखडलीय ती तिथून वळताना सरळ होत नाही, टुणकन उडते आणि डिरेलरचा हात झटका खातो, लगेच कळतं. ती दोन्ही अंगठ्यांत धरून चेन एरवी वाकत नाही त्या बाजूला, डावी-उजवीकडे हलकेच दाबा, बऱ्याचदा मोकळी होते. पण पत्ती फाकलीय किंवा पिन एका बाजूने बाहेर आलीय असं दिसलं तर दाबत बसू नका, ती कडी काढायलाच हवी. तुमची बहुतेक तशाच कडीवर तुटली असणार.

तुटलीच तर चेन टूल (कडीची पिन ढकलून काढायचं हत्यार) आणि एक क्विक लिंक (हाताने जोडता येणारी कडी), बस्स. दोन्ही सीटखालच्या पाऊचमध्ये मावतात. बाहेरची पत्ती तुटली असेल तर तेवढीच कडी पिन ढकलून काढा आणि तिच्या जागी क्विक लिंक लावा, चेनची लांबी तेवढीच रहाते. मग लिंक वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पॅडलवर जोर द्या, खट्कन बसते. लिंक मात्र तुमच्या चेनच्याच स्पीडची घ्या (मागच्या चाकाला जितक्या दातेरी चकत्या तितके स्पीड), 8 ची 10 ला चालत नाही.

आखडलेली कडी सापडलीच नाही आणि सायकल मध्ये कधी उजव्या अंगावर पडलेली असेल तर मागून बघा. डिरेलर आरांकडे झुकलेला दिसला तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, वाकलाय. मग मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर अजिबात जायचं नाही, डिरेलर आरांत गेला तर चाकही जातं. मधल्या गिअरवर सावकाश दुकान गाठा.

गिअरची केबल तुटली तर चेन मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर जाऊन बसते, पॅडल जड होतं. डिरेलरवरचा 'एच' स्क्रू आत फिरवलात तर एखाद-दोन चकत्या वर तरी अडकवता येते, पुढे पॅडलजवळची छोटी रिंग ठेवा, घरी पोचाल.

आणि घरी 12 इंची पट्टी चेनला लावून बघा. एक आतली एक बाहेरची अशा 12 जोड्या नव्या चेनमध्ये बरोब्बर 12 इंच भरतात. 1/16 इंच जास्त भरल्या तर चेन बदला, उशीर केलात तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चकत्यांचे, दातही झिजतात आणि मग नवी चेनसुद्धा त्यावर उड्या मारते. पावसात भिजून आलात की फडक्याने कोरडी करून तेल द्या आणि जास्तीचं पुसून काढा.